हरकती, सूचना आणि दिवेआगर

दिवेआगरचं नाव घेतलं की महाराष्ट्राला आधी सुवर्णगणेश आठवतो. 17 नोव्हेंबर 1997 रोजी इथल्या एका सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. 24 मार्च 2012 ला दरोडेखोरांनी मंदिराच्या दोन रखवालदारांचा जीव घेऊन तो पळवला आणि पुढे तो वितळवला गेला. हस्तगत झालेल्या सोन्यातून पुन्हा घडवलेला मुखवटा 23 नोव्हेंबर 2021 ला, अंगारकीच्या दिवशी, मंदिरात आला. ही हकिकत वर्तमानपत्रांनी घरोघरी पोहोचवली. याच गावात मिळालेल्या धातूच्या दुसऱ्या एका वस्तूची मात्र फारशी वाच्यता नाही. ती म्हणजे शके 982 चा, इसवी सन 1060 चा ताम्रपट. शं. गो. तुळपुळे यांनी ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या ग्रंथात मराठीचे जुन्यातले जुने लेख एकत्र केले, त्यांत दिवेआगरच्या या पत्र्याला मानाची जागा आहे. याच रायगड जिल्ह्यातल्या अक्षीचा शिलालेख आणि हा ताम्रपट, अशा दोन मजबूत खुणा अष्टागर ते श्रीवर्धन या किनाऱ्याने मराठी भाषेच्या इतिहासाला दिल्या.

आता दिवेआगरच्या शाळेत तिसरीत बसलेली मुलगी डोळ्यांपुढे आणा. आपल्या गावात मराठीतला इतका जुना लेख मिळाला, हे तिला शाळेत कळावं का? कळावं, असं बहुतेक पालक म्हणतील. मग ते पुस्तकात यावं म्हणून कोणी, कोणाकडे, कधी आणि कसं सांगायचं? या प्रकरणाचा विषय हाच आहे. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र हे विषय सगळ्या समाजाबद्दल बोलतात. त्यामुळे त्यांचा अभ्यासक्रम बदलताना समाजाचं म्हणणं ऐकलं जातं का, याचा निकाल गणिताच्या किंवा विज्ञानाच्या पुस्तकापेक्षा इथे जास्त लवकर लागतो.

आधी गाडा कसा चालतो ते पाहू, कारण लोकांची अर्धी मेहनत चुकीच्या दारावर थाप मारण्यात वाया जाते. सगळ्यांत वर राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा असतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर शालेय शिक्षणाचा नवा राष्ट्रीय आराखडा ऑगस्ट 2023 मध्ये आला. त्याला धरून प्रत्येक राज्य आपला आराखडा करतं. महाराष्ट्रात ते काम पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 नुसार अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत ‘शैक्षणिक प्राधिकरण’ ठरवतं, आणि ते अधिकार या परिषदेला आहेत. आराखड्यानंतर इयत्तावार, विषयवार पाठ्यक्रम येतो. त्यात ध्येयं, क्षमता आणि अध्ययन निष्पत्ती लिहिलेल्या असतात, म्हणजे अमुक इयत्तेच्या शेवटी मुलाला काय करता आलं पाहिजे. पाठ्यपुस्तक येतं ते सर्वांत शेवटी. ते 1967 पासून बालभारती तयार करते.

लोक भांडतात ते पाठ्यपुस्तकावर, कारण तेच हातात पडतं. पण पुस्तक छापून झालं की फार तर पुढच्या आवृत्तीत एखादं वाक्य बदलतं, एखादं चित्र निघतं. 2017 मध्ये सातवीचं इतिहासाचं नवं पुस्तक आलं, त्यात मुघलांवरचा मजकूर आटला आणि मराठ्यांच्या इतिहासाला बरीच जास्त जागा मिळाली. त्यावर भरपूर टीका झाली. बालभारतीच्या इतिहास विषय समितीचे अध्यक्ष सदानंद मोरे यांनी समितीची बाजू मांडली. पण वाद पेटला तेव्हा पुस्तकं दुकानात पोहोचली होती. बाजू कोणाचीही घ्या, ती मांडायला वाव होता तो त्याच्या खूप आधी, निष्पत्ती लिहिल्या जात असताना. तेव्हा कोणी बोललं नव्हतं, कारण ते चालू आहे हे बहुतेकांना माहीतच नव्हतं.

मे 2024 मध्ये हे दार उघडलं. परिषदेने राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा मेच्या चौथ्या आठवड्यात प्रसिद्ध केला आणि हरकती-सूचनांसाठी 3 जूनपर्यंत मुदत दिली. शेकडो पानांचा दस्तऐवज आणि पंधरवडासुद्धा नाही. शाळांना सुट्टी, त्यामुळे शिक्षक आपापल्या गावी. कोकणात हे दिवस कसले असतात ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आंब्याचा हंगाम शेवटाला आलेला असतो, पर्यटकांनी घरं भरलेली असतात, घराघरांत पावसाळ्याआधीच्या अगोटीची धावपळ असते आणि 1 जूनपासून मासेमारी बंद होत असल्याने होड्या वर ओढण्याचं काम चालू असतं. किनाऱ्यावरच्या गावाला सामाजिक शास्त्राच्या अभ्यासक्रमावर काही म्हणायचं असेल, तर ते म्हणायला वर्षातला याहून गैरसोयीचा पंधरवडा सापडणं कठीण. आणि 3 जून ही तारीख दिवेआगरला वेगळ्याच कारणाने पाठ आहे. त्याकडे पुढे येतो.

मसुद्यावर राज्यभर जी चर्चा झाली ती थोड्या मुद्द्यांभोवती फिरली. मूल्यशिक्षणाच्या भागात मनुस्मृतीतला एक श्लोक घेतला होता. गीतेच्या आणि मनाच्या श्लोकांच्या पाठांतराचा उल्लेख होता. अकरावी-बारावीला इंग्रजी सक्तीची राहणार का, यावरही बोललं गेलं. मनुस्मृतीवरची हरकत सर्वांत तीव्र होती आणि तिचं मूळ याच जिल्ह्यात आहे. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचं दहन झालं. ज्या राज्यात हे घडलं, तिथे मुलांना मूल्यं शिकवण्यासाठी त्या ग्रंथाकडे वळणं अनेकांना सहन होणं शक्य नव्हतं. माझ्या मते ती हरकत रास्त होती. 29 मे 2024 ला आमदार जितेंद्र आव्हाड निषेध करायला महाडला आले. तिथे मनुस्मृतीच्या प्रती जाळताना बाबासाहेबांचं चित्र असलेलं पोस्टर फाटलं, त्यावरून वेगळंच वादळ उठलं आणि आव्हाडांनी जाहीर माफी मागितली. मनुस्मृतीचा समावेश होणार नाही, असं तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी सांगितलं.

म्हणजे हरकतीला यश आलं. पण त्या दिवसांत वर्तमानपत्रं वाचणाऱ्या पालकाला त्याच मसुद्यातल्या सामाजिक शास्त्राच्या भागात काय आहे, सहावी ते आठवीत इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्र कसं जोडणार आहेत, स्थानिक इतिहासाला किती तास मिळणार आहेत, यातलं काही कळलं असेल असं मला वाटत नाही. एका श्लोकाने सगळा उजेड आपल्याकडे ओढून घेतला. यात आंदोलकांचा दोष नाही. बारा-तेरा दिवसांत जे वाचता येतं, तेवढ्यावरच माणूस बोलतो.

वर्षभराने पुढचा टप्पा आला. तिसरी ते दहावीच्या पाठ्यक्रमाचा मसुदा परिषदेने जुलै 2025 च्या अखेरीस लोकांसमोर ठेवला. मुदत 27 ऑगस्टपर्यंत होती. आदल्या वर्षीच्या मानाने हे बरंच सुधारलेलं पाऊल, शाळाही चालू होत्या. मात्र 27 ऑगस्ट 2025 ला गणेश चतुर्थी होती. गणपतीच्या आधीचा पंधरवडा कोकणात कसा जातो, मुंबईची गाडी कधी सुटते आणि घराला रंग कोण देतं, हे तारीख ठरवणाऱ्यांच्या कामाच्या यादीत नसावं. इतकी साधी गोष्ट कळण्यासाठी किनाऱ्यावरचं एक माणूस त्या टेबलाशी असतं तरी पुरे होतं.

दरम्यान भाषेचा प्रश्न उभा राहिला आणि त्याने लोकसहभागाचं दुसरंच रूप दाखवलं. 16 एप्रिल 2025 च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी आणली, 17 जूनच्या निर्णयाने तिला थोडी लवचीक भाषा दिली. शिक्षक, लेखक, पालकांचे गट, मराठीसाठी काम करणाऱ्या संस्था, राजकीय पक्ष, सगळे विरोधात उतरले. सरकारने नेमलेल्या भाषा सल्लागार समितीनेही, लक्ष्मीकांत देशमुख अध्यक्ष असताना, विरोध नोंदवला. 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. या समितीने प्रश्नावली काढली आणि राज्यातल्या निरनिराळ्या शहरांत जाऊन लोकांना भेटली. त्यात रत्नागिरीही होतं. निर्णय आधी आणि विचारणा नंतर, असा हा क्रम उलटा झाला खरा. तरी समितीने पुण्या-मुंबईबाहेर पडून माणसांसमोर बसणं ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सामाजिक शास्त्राच्या अभ्यासक्रमासाठी असा दौरा कोणी काढलेला नाही.

तो काढला आणि गाडी म्हसळ्याहून दिवेआगरला वळली, तर ऐकायला काय मिळेल?

जंजिऱ्यापासून सुरुवात करतो. शाळेच्या इतिहासात जंजिरा हा शिवरायांना आणि संभाजीराजांना न मिळालेला किल्ला, आणि सिद्दी म्हणजे किनाऱ्यावरचा शत्रू. हे चुकीचं नाही. पण दिवेआगर, श्रीवर्धन, म्हसळा हा सगळा मुलूख 1948 पर्यंत जंजिरा संस्थानात होता. इथल्या मुलांच्या पणजोबांनी सारा भरला तो नवाबाच्या तिजोरीत. पेशवे झालेल्या बाळाजी विश्वनाथांचं भट घराणं श्रीवर्धनचं, आणि त्यांची देशमुखी सिद्दीच्याच मुलखातली. इथल्या मुलाला वर्गात जंजिरा एका लढाईपुरता भेटतो आणि घरी आजीच्या तोंडून तो संस्थान म्हणून भेटतो, कज्जे-खटले, बंदर, जकात, सणवार यांच्यासकट. संस्थानी मुलखात राहणं म्हणजे काय, ब्रिटिश हद्दीतल्या पलीकडच्या गावापेक्षा आपले कायदे वेगळे असणं म्हणजे काय, विलीनीकरणाने काय बदललं, हे शिकवायला हैदराबादशिवाय दुसरी उदाहरणं महाराष्ट्राच्या वर्गात क्वचितच येतात. इथे ते उदाहरण मुलाच्या दारात आहे. आफ्रिकेतून आलेली माणसं कोकणच्या किनाऱ्यावर राज्यकर्ती झाली, ही गोष्ट जगाच्या इतिहासाशी थेट जोडणारी आहे, आणि मुलाला त्यासाठी मुरूडपर्यंत जायचं असतं, फार लांब नाही.

त्याच रांगेत खोती, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची पद्धत, येते. रायगडच्या इतिहासात अलिबाग तालुक्यातल्या चरीचा शेतकरी संप आहे. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 मध्ये सुरू झालेला हा संप वर्षानुवर्षं चालला, कुळांनी जमिनी पडीक ठेवल्या पण ती खोतांपुढे झुकली नाहीत. आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि 1949 च्या कायद्याने ती पद्धत गेली. नागरिकशास्त्रात ‘कायदा कसा होतो’ हा धडा असतो. तो धडा खोतीवरून शिकवला तर रायगडच्या कुणब्या-आगऱ्यांच्या मुलांना कळेल की कायदा त्यांच्या घराच्या जमिनीवर कसा येऊन पोहोचला. हीच मुलं पुढे पेणजवळच्या 22 गावांची गोष्ट वाचतील. 21 सप्टेंबर 2008 रोजी त्या गावांमध्ये महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं. एवढा अनुभव असलेला जिल्हा अभ्यासक्रमाबद्दल मत द्यायला अजाण आहे, असं कोणी म्हणू नये.

आणि 3 जून. 2020 च्या त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. दिवेआगर, श्रीवर्धन, मुरूडच्या वाड्यांमध्ये नारळ-सुपारीची झाडं आडवी झाली, छपरं उडाली, सुरूच्या बनाची पडझड झाली, गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. सुपारीचं नवं रोप लावलं की फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात. म्हणजे एका दुपारने घराची कितीतरी वर्षांची मिळकत नेली. भूगोलाच्या पुस्तकात चक्रीवादळाची आकृती असते, डोळा असतो, वाऱ्याची दिशा असते. मराठी मुलाला चक्रीवादळ म्हटलं की बऱ्याचदा ओडिशा-आंध्रचा किनारा शिकवला जातो, कारण दीर्घकाळ ती तिकडचीच गोष्ट होती. अरबी समुद्र तापत चालला आणि ती इकडचीही झाली. दिवेआगरचा पालक जर लिहील की ‘इयत्ता अमुकच्या भूगोलात चक्रीवादळाची निष्पत्ती आहे, तिच्यात स्थानिक नुकसानीची नोंद करणे, मोठ्यांच्या मुलाखती घेणे आणि गावाचा आपत्ती नकाशा काढणे हे जोडा’, तर ती सूचना पुण्यात बसलेल्या विषयतज्ज्ञाला वापरता येण्यासारखी आहे. वादळ आणि अभ्यासक्रमाची मुदत यांची तारीख एकच निघाली, हा योगायोगच. पण वादळाला चार वर्षं होत असतानाच त्यातून जगलेल्या माणसांना अभ्यासक्रमाबद्दल विचारलं गेलं आणि ती अगोटीत गुंतली होती.

अवघड विषयही आहेत. दिवेआगरहून श्रीवर्धनकडे जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्यावर शेखाडी आहे. 1993 च्या सुरुवातीला दिघी आणि शेखाडी इथे आरडीएक्स उतरवलं गेलं आणि 12 मार्चला मुंबईत साखळी स्फोट झाले, 257 माणसं मेली. कस्टम्स आणि पोलिस खात्यातली काही माणसंही त्या खटल्यात दोषी ठरली. समकालीन इतिहासाच्या धड्यात ‘रायगडच्या किनाऱ्यावर’ एवढेच शब्द पडले, तर इथल्या मुलाने, विशेषतः मुसलमान मुलाने, वर्गात मान वर करून कसं बसायचं? हा विषय टाळावा असं माझं म्हणणं नाही. दहावीच्या मुलाला तो कळलाच पाहिजे: तस्करीची वाट कशी होती, लाच कुठे खाल्ली गेली, यंत्रणा कुठे फितूर झाली आणि एका गावाच्या नावावर तो शिक्का कसा बसला. पण धड्यातली वाक्यं कशी असावीत हे सांगायला शेखाडी-दिघीच्या शिक्षकांइतकी योग्य माणसं मिळणार नाहीत. त्यांना विचारायला कोणी गेलं तरच ती सांगतील. स्वतःहून लेखी सूचना पाठवणं त्यांच्यासाठी सोपं नाही, कारण लिहिणाऱ्याचं नाव आणि गाव कागदावर येतं.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. खुली मुदत ठेवली म्हणजे सगळ्यांना सारखी संधी मिळाली असं होत नाही. संघटित माणसं लिहितात, ज्यांचा एखादा महापुरुष पुस्तकात कमी पडला असं वाटतं ती लिहितात, शहरातले निवृत्त प्राध्यापक लिहितात. रायगडच्या कातकरी वाड्यांतून कोणी लिहीत नाही. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली कुटुंबं पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलांची शाळा मधेच तुटते, आणि त्यांच्या जगण्याचा धडा पुस्तकात असला तर तो ‘आदिवासी जीवन’ अशा मथळ्याखाली दुसऱ्याने लिहिलेला असतो. अलिबाग-मुरूड पट्ट्यातले बेने इस्रायली ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनिवार तेली म्हणत, त्यांच्यातले बहुतेक आता इस्रायलमध्ये आहेत. त्यांच्या वतीने हरकत कोण घेणार? ज्या समाजांचा आवाज मुदतीत पोहोचत नाही त्यांच्याकडे समितीनेच चालत गेलं पाहिजे.

जगात इतरत्र हे कसं करतात ते थोडक्यात पाहू. अमेरिकेत प्रत्येक राज्य स्वतःची मानकं ठरवतं. टेक्ससमध्ये त्यासाठी 15 जणांचं निवडून आलेलं मंडळ आहे. 2010 मध्ये तिथे सामाजिक शास्त्राची मानकं बदलली तेव्हा लोक माइकपुढे येऊन साक्षी देत होते आणि शेवटी मतदान पक्षीय रेषेवर झालं. खुली सुनावणी असली तरी निकाल राजकारण लावू शकतं, याचं ते उदाहरण. कॅलिफोर्नियात 2005-06 मध्ये आणि पुन्हा 2016 मध्ये प्राचीन भारताच्या धड्यांवरून सुनावण्या झाल्या आणि भारतीय वंशाच्या पालकांनी, मुलांनी, अभ्यासकांनी दोन्ही बाजूंनी जोरदार म्हणणं मांडलं. तिथे राहणारा आपला माणूस शाळेच्या पुस्तकाबद्दल राज्याच्या मंडळापुढे उभा राहून बोलतो. त्याच्या इथल्या भावाला असं करता येतं, हे कोणी सांगितलेलंही नसतं. मला सर्वांत उपयोगी वाटते ती मिनेसोटाची पद्धत. तिथे सामाजिक शास्त्राची मानकं दर दहा वर्षांनी तपासायची हे कायद्यात आहे. 2020-21 मध्ये तिथल्या समितीने एकामागून एक तीन मसुदे काढले आणि प्रत्येकावर लोकांचं म्हणणं घेतलं. पहिल्या मसुद्यावर काय आलं ते दुसऱ्या मसुद्यात दिसतं, म्हणून लिहिणाऱ्याला पुन्हा लिहावंसं वाटतं. त्यानंतर ही मानकं प्रशासकीय न्यायाधीशासमोर गेली, आणि ती गरजेची व वाजवी आहेत हे शिक्षण खात्याला तिथे सिद्ध करावं लागलं.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. आपल्याकडे 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार एखाद्या मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी घ्यायची तर निदान 30 दिवस आधी सूचना द्यावी लागते. सुनावणी प्रकल्पाच्या परिसरातच घ्यावी लागते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो, बोललेलं नोंदवलं जातं, त्याचा गोषवारा शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवला जातो आणि प्रकल्पवाल्याला प्रत्येक आक्षेपावर लेखी म्हणणं द्यावं लागतं. रायगडमध्ये बंदरं आणि कारखाने आल्यापासून या सुनावण्या गावकऱ्यांना परिचित आहेत. त्यात त्रुटी पुष्कळ आहेत, हे त्यात बसलेला प्रत्येक जण सांगेल. तरी जेटीसाठी जे नियम आहेत, ते मुलांच्या इतिहासासाठी नाहीत. अभ्यासक्रमाच्या मसुद्यावर आलेल्या हरकतींचं काय केलं हे लोकांना सांगण्याची कायदेशीर सक्ती आज नाही. मला हवा तो पहिला बदल हाच: आलेल्या सूचनांचं विषयवार संकलन आणि त्यापुढे एक रकाना, स्वीकारली की नाही, नसेल तर का. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या वेळी अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत सल्लामसलत झाल्याचं सरकारी निवेदनात सांगितलं गेलं. तो आकडा गावाला खरा वाटायचा असेल तर आपल्या ग्रामपंचायतीने काय म्हटलं होतं आणि त्याचं काय झालं, हे गावाला वाचता आलं पाहिजे.

सोयी गावात तयार आहेत. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक अनुदानित व शासकीय शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आणली. तीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. कायद्याने तिला शाळेचा विकास आराखडा दिला, अभ्यासक्रमाबद्दल काही दिलं नाही. पण बैठकीत मसुद्यातली आपल्या इयत्तेची चार पानं मोठ्याने वाचायला आणि ठराव करून पाठवायला कोणाची परवानगी लागत नाही. शिक्षकांची केंद्रस्तरावर शिक्षण परिषद भरते, तिथेही हे करता येतं. बोर्ली पंचतन, दिवेआगर, श्रीवर्धन इथले शिक्षक एकत्र बसले तर जंजिरा, खोती, निसर्ग आणि शेखाडी यांवर चार नेमक्या सूचना एका दुपारी लिहून होतील. त्यासाठी मुदत निदान 60 दिवसांची हवी, मसुद्याचा सोप्या मराठीतला सारांश हवा आणि पनवेलच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतून एक माणूस तालुक्याला यायला हवा.

आणि सूचना लिहायची कशी, तेही सांगून टाकतो, कारण ‘आमच्या भागाचा इतिहास घ्या’ एवढं लिहिलेल्या कागदाचं समितीला काही करता येत नाही. इयत्ता लिहा, विषय लिहा, मसुद्यातल्या निष्पत्तीचा क्रमांक लिहा. तिथे काय आहे ते एका ओळीत, तुम्हाला काय हवं ते दुसऱ्या ओळीत. मग आधार द्या: शिलालेख, गॅझेटिअर, कायदा, वृत्तपत्रातली नोंद. शेवटी वर्गात मुलं काय करतील ते लिहा. ताम्रपटाची सूचना असेल तर ती तिसरीच्या परिसर अभ्यासासाठी लिहा, कारण तिसरीच्या पुस्तकाच्या जिल्हानिहाय आवृत्त्या काढण्याची पद्धत बालभारतीने पाडलेली आहे आणि गावाला पुस्तकात शिरायला याहून रुंद वाट दुसरी नाही. रायगडच्या आवृत्तीत अक्षीचा लेख आणि दिवेआगरचा ताम्रपट शेजारी ठेवा, मुलांना आजची अक्षरं आणि तेव्हाची अक्षरं जुळवायला सांगा. अक्षीच्या लेखावरचा शक वाचण्यात अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत, तेही थोडक्यात सांगा. इतिहासात तारीख कशी ठरते, हे आठ वर्षांच्या मुलालाही त्यातून कळू शकतं.

सरकारने जाहीर केलेल्या वेळापत्रकानुसार नवा अभ्यासक्रम 2025-26 मध्ये पहिलीला आला. 2026-27 मध्ये दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी, 2027-28 मध्ये पाचवी, सातवी, नववी आणि अकरावी, आणि 2028-29 मध्ये आठवी, दहावी आणि बारावी असा क्रम आहे. समकालीन इतिहासाची आणि राज्यशास्त्राची मोठी पुस्तकं शेवटच्या दोन टप्प्यांत पडतात. शेखाडीबद्दल, खोतीबद्दल, संस्थानाबद्दल ज्यांना काही म्हणायचं आहे त्यांनी परिषदेला आणि बालभारतीला आत्ता लिहावं, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह, पोच घेऊन.